आत्याची स्थळप्रत

आत्या,

मंडळाच्या पत्रिकेला तुझ्यावर दीडशे शब्द हवे होते, ते परवा देऊन टाकले. कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, पालिकेच्या आवास शाखेत राहून कितीतरी निराधार बायकांना हक्काचं छप्पर मिळवून देणाऱ्या, असं सगळं त्यात आलं. फोटो तुझ्या निवृत्तीच्या दिवसाचा दिला, हातात नारळ असलेला. त्यात तू चिडलेली दिसतेस, पण तुझे सगळेच फोटो तसे आहेत. त्या दीडशे शब्दांत एकही शब्द खोटा नाही, आणि तरी तो मजकूर मला पुन्हा वाचवत नाही. म्हणून हे दुसरं लिहायला बसले आहे. हे कुठेही पाठवायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू तीन आठवड्यांपूर्वीच निघून गेलीस. भांडण ऐन रंगात आलं की ‘कुकर लावायचाय’ म्हणून उठून जायची तुझी खोड जुनीच.

तुला जाऊन पाच दिवस झाले होते तेव्हा तो भेटायला आला. माझा नवरा. केस अजून संपलेली नाही, म्हणून कायद्याने नवराच म्हणायचं. त्याने माझ्या जवळपास फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक. पण पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून, हात जोडून, मान खाली घालून आलेल्या माणसाला बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या आपल्या घरात कोण ‘चालता हो’ म्हणणार? पुण्याहून तुझे दिवस करायला आलेल्या माझ्या चुलतभावाने, सुधीरदादाने, मला बाजूला घेऊन सांगितलं, “नंदू, सुतकात तमाशा नको.” आणि स्वतः त्याला खुर्ची दिली. माझी सई तो जाईपर्यंत मोरीला आतून कडी घालून बसली होती. आठ वर्षांची पोर, पण कडी कुठली आणि ती कशी लागते हे तिला कुठल्याही घरात शिरताना आधी दिसतं.

तो दहा मिनिटं बसला. उठताना माझ्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आत्या फार सज्जन होत्या. माझ्या पत्राला त्यांनी आठ दिवसांत उत्तर पाठवलं होतं. हल्ली असं कोण करतं?”

दादाने ‘खरंय’ म्हणून मान हलवली. असं काही पत्र होतं हे मला तेव्हा पहिल्यांदाच कळत होतं.

आत्या, तुझं हे आठ दिवसांचं प्रकरण मला लहानपणापासून पाठ. पणजोबा संस्थानच्या हुजूर कचेरीत होते आणि आलेल्या टपालाला आठ दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे हा त्यांचा दंडक. संस्थान गेलं, कचेरी गेली, पणजोबांची पगडी कुणीतरी नाटकाला म्हणून नेली ती परत आली नाही, पण हा दंडक तेवढा आपल्या घरात राहिला. तू तर त्याच्यावर कळस चढवलास. घरच्या पत्रांनाही जावक क्रमांक! प्रत्येक पत्राखाली कार्बन घालून स्थळप्रत काढायची आणि ती तुझ्या निळ्या फाइलीत लावायची. गॅसवाल्याला लिहिलेली तक्रार, सोसायटीच्या चिटणिसाला पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलेली सात पत्रं, सगळं क्रमाने. मी पाचवीत असताना शिबिरातून तुला पत्र लिहिलं होतं, ‘आत्या मला घेऊन जा’ म्हणून. त्याला तुझं उत्तर आलं, वर जावक क्रमांक आणि खाली ‘विषय : शिबिर अर्धवट सोडण्याबाबत’. आम्ही किती हसायचो तुला. तूही हसायचीस, आणि हसता हसता पंचिंग मशीन शोधायचीस.

तर सगळे गेल्यावर मी ती निळी फाइल काढली. फार शोधावं लागलं नाही, तू लावलेली फाइल ती. आधी त्याचं पत्र. ‘तीर्थस्वरूप आत्यांस शिरसाष्टांग नमस्कार’ असं सुरू झालेलं, समास सोडून, सुरेख अक्षरात. घडल्या गोष्टीबद्दल खेद आहे. नंदिनीची पदवीची व बी.एड.ची मूळ प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत. ती तिला नोकरीसाठी लागतील. रजिस्टर टपालाने पाठवू इच्छितो, तरी पत्ता कळविण्याची कृपा व्हावी. आणि त्याच्यामागे तुझी स्थळप्रत, जावक क्रमांक सतरा. ‘चि. शैलेश यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. पत्ता पुढीलप्रमाणे.’ मग मी त्याच्यापासून लपून राहत होते त्या तरसालीच्या वसाहतीचा पूर्ण पत्ता, ब्लॉक, मजला, खोलीसकट. शेवटी, ‘प्रमाणपत्रे रजिस्टर टपालानेच पाठवावीत. स्वतः जाऊ नये.’

‘स्वतः जाऊ नये’च्या खाली तू दोनदा रेघ मारली आहेस. कार्बनमधूनसुद्धा ती उमटली आहे, इतकी दाबून. आत्या, तुला काय वाटलं होतं गं? तो रेघ बघून थांबेल?

तुझ्यावर मी कशी विसंबले होते ते आठव. वाघोडिया रोडच्या त्या घरातून मी दुपारी दीड वाजता निघाले होते, तो कंपनीत गेल्यावर. एक हँडबॅग आणि कडेवर सई. तुझ्या दारात आले तेव्हा ओठ सुजलेला होता. तू ओठाकडे पाहिलंस, काही विचारलं नाहीस. “रडायचं तेवढं रड, पण आधी जेव ने. पोर भुकेली दिसतेय,” म्हणालीस, आणि मऊ भात, मेतकूट, वर तूप, असं आम्हा दोघींना एकाच ताटात वाढलंस. मला वाटलं, संपलं सगळं, आता मी इथेच राहणार. तर हात धुऊन आल्यावर तू म्हणालीस, “इथे राहायचं नाही. तो पहिल्यांदा इथेच येणार. उद्या साडेदहाला ऑफिसात ये.” मला केवढा राग आला होता! सख्खी आत्या, आणि भाचीला ऑफिसात बोलावते.

ऑफिसात तर तू आणखी कहर केलास. मला रांगेत उभं केलंस. पुढे अकरा बायका. कुणाच्या डोक्याला पट्टी, कुणाच्या पदराआड तान्हं मूल. तुझ्या खिडकीशी माझा नंबर आला तेव्हा तू वर न बघता “आगळ आवो, बेन,” म्हणून पुढे बोलावलंस आणि मग वर बघून शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना म्हणालीस की हे प्रकरण माझ्या नात्यातलं आहे, मी हाताळणार नाही. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. त्या दिवसाचं भांडण आपण पुढे तीन वर्षं भांडलो. मी म्हणायची, पाच मिनिटं आधी घेतलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं? तू म्हणायचीस, “पुढच्या अकरा जणींना आत्या नव्हती, नंदू.”  त्यावरचं उत्तर मला आता सुचतंय, पण ऐकायला तू नाहीस.

आणि तरी त्या खिडकीतली तू मला आवडली होतीस, हेही सांगून टाकते. फॉर्मवर पतीच्या संमतीचा एक रकाना असायचा. मार खाऊन पळालेल्या बाईने नवऱ्याची सही कुठून आणायची, असं टिपण तू वर्षानुवर्षं वर पाठवत राहिलीस. शेवटी रकाना रद्द झाला, पण जुने फॉर्म संपेपर्यंत वापरायचे होते, म्हणून तू एकेका फॉर्मवर तो लाल शाईने स्वतः खोडायचीस. माझ्याही फॉर्मवर ती लाल रेघ होती. खोली मिळाली की बाईचा पत्ता बंद पाकिटात, पाकीट लाखेने बंद, आणि ते साहेबांच्या कपाटात. शिपायाला तू माझ्यासमोर बजावलं होतंस की बाप आला तरी पत्ता सांगायचा नाही. एकदा एक रिक्षावाला तुझ्या खिडकीशी येऊन ढसाढसा रडला, मुलांना एकदाच बघू द्या म्हणाला. तू त्याला बसायला स्टूल दिलंस, पाणी दिलंस, पत्ता दिला नाहीस. रविवारी माझ्याकडे येऊन तू मला सांगितलंस, “रडणं खरं असेल गं त्याचं. पण खरं रडणाराही मारतो.”

मग माझ्या वेळेला कुंपणानेच शेत का खाल्लं?

मी दोन आठवडे याच्यावर डोकं फोडते आहे. मला वाटतं, तो रिक्षावाला होता आणि हा आपल्यातला होता. खिडकीशी येणाऱ्या बायकांचे नवरे म्हणजे दारुडे, गवंडीकाम करणारे कडिये, फॅक्टरीतले हेल्पर. त्यांच्या शब्दावर तू कधी विश्वास ठेवला नाहीस. हा मात्र इंजिनिअर, बडोद्याच्या जुन्या मराठी घरातला, तीर्थस्वरूप लिहिणारा. लग्न ठरवायला गेलो तेव्हा सगळे पत्रिका बघत होते आणि तू त्याच्यापुढे कागद सरकवून म्हणालीस, “जरा तुमचा पत्ता लिहून द्या बरं.” अक्षर बघायचं होतं तुला. परत येताना रिक्षात म्हणालीस, मुलगा नेटका आहे. पुढे त्या नेटक्या मुलाने माझं काय केलं ते तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस, डॉक्टरकडे तूच घेऊन गेलीस, तरी त्याच्या अक्षरावरचा तुझा भरवसा आत कुठेतरी तसाच राहिला होता. शिवी देऊन, फोन करून, तुझ्या जिन्यात उभं राहून त्याला जे मिळालं नाही ते एका अर्जाने मिळालं. त्याने आपलं घर बरोबर ओळखलं होतं.

आणि माझाही वाटा आहे, तो नाकारत नाही. ‘माझी सर्टिफिकेटं, माझी सर्टिफिकेटं’ असा जप मीच लावला होता. मकरपुऱ्याच्या शाळेत मला हंगामी घेतलं होतं आणि मूळ कागद दाखवल्याशिवाय कायम करणार नव्हते. दर रविवारी तू आलीस की मी तेच रडगाणं. तू ‘बघू’ म्हणायचीस. मूळ कागद हरवणं म्हणजे तुझ्या लेखी माणूस हरवण्यासारखंच. त्याचं पत्र आलं तेव्हा तुला किती आनंद झाला असेल, ते मला दिसतं. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल तुला. एक दिवस पोस्टमन येईल, नंदू सही करेल, पाकिटातून बी.एड. निघेल. हे डोळ्यांसमोर आलं की मला तुझी दया येते, आणि दया आली की पुन्हा संताप येतो.

तो आला रविवारीच, पण सकाळी अकराला, तुझ्या यायच्या आधी. तरसालीच्या त्या खोलीत आम्हाला आठ महिने झाले होते. सई दारात रंगीत खडूने मोर काढत होती. तो मोर ओलांडून आत आला, चारी भिंतींकडे पाहून “बरं आहे की घर,” म्हणाला, आणि दाराला आतून कडी घातली. पुढची वीस मिनिटं मी कोर्टात दोनदा सांगितली आहेत, तुला पुन्हा सांगत नाही. समोरच्या खोलीतल्या जयाबेननी परातीने दार बडवून बडवून सगळी चाळ गोळा केली म्हणून मी आणि सई जिवंत आहोत. माझं डावं मनगट मोडलं. प्रमाणपत्रं त्याने आणली नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

तुझ्याशी माझं खरं भांडण इथपासून पुढे आहे. पत्र ही चूक होती. भयंकर चूक, पण चूक. नंतर तू जे केलंस त्याला मी काय म्हणू?

त्या संध्याकाळी आपण खोली रिकामी करत होतो. माझ्या हाताला प्लास्टर, तू भांडी बांधत होतीस. पत्ता बाहेर कसा गेला, हा एकच किडा माझ्या डोक्यात. आणि मला आठवलं की आठवड्यापूर्वी जयाबेन जिन्यात एका अनोळखी माणसाशी बोलत होत्या. झालं. मी त्यांना हाक मारली आणि सगळ्या गॅलरीसमोर नाही नाही ते बोलले. किती घेतलेत त्याच्याकडून, असंही विचारलं. ज्या बाईने काही तासांपूर्वी माझ्यासाठी परात वाकडी होईपर्यंत दार बडवलं, तिला. ती बिचारी म्हणत राहिली, मी कुणाला सांगितलं नाही. “बेन, में कोईने नथी कह्युं. मारी छोकरीना सम.” पोरीची शपथ घेतली तिने. मी म्हटलं, शपथा कुणीही घेतं.

तू तिथे होतीस, आत्या. माझ्या मागे, चार हातांवर. तुझ्या हातात पातेलं होतं. ते तू फडक्यात बांधत राहिलीस. शेवटी इतकंच म्हणालीस, “जाऊ दे गं नंदू, आता कशाला.” मला तेव्हा वाटलं, काय मोठं मन हिचं.

नंतर पाच महिने सई आणि मी महिला केंद्रात काढले, मग कोर्टाचा हुकूम झाला, तू निवृत्त झालीस, आणि आम्ही तुझ्याकडे आलो. “आता त्याला पत्ता ठाऊकच आहे, आणि या बिल्डिंगीत शिंकलं तरी चार दारं उघडतात,” म्हणालीस. ती तीन वर्षं मला कुणी परत दिली तर आजही घेईन. सईला तू पाढे शिकवलेस, गुजराती मुळाक्षरं शिकवलीस, आणि तिच्या बाहुलीच्या हरवण्याची तिच्याकडून रीतसर तक्रार लिहून घेतलीस. माझी दुय्यम प्रमाणपत्रं काढायला तू युनिव्हर्सिटीत चार वेळा गेलीस. गुडघे धरून तीन मजले चढलीस, मला जाऊ दिलं नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरायची, माझ्या आत्यासारखी आत्या नाही. शाळेत मी कायम झाले तेव्हा पेढ्यांचा पहिला बॉक्स तुझ्या हातात दिला आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. आता वाटतं, ते कसलं पाणी होतं कोण जाणे. तू माझी एकेक चांगली आठवण अशी नासवून ठेवली आहेस.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू एकदा म्हणालीस, “नंदू, एक टपाल राहिलंय.” मी म्हटलं, मी बघते, तू झोप. सुधीरदादाला हे सांगितलं तर तो म्हणतो, तिला कबूलच करायचं असणार. मी तसा अर्थ लावणार नाही. ते पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याबद्दलही असेल. तू तीन वर्षं रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस. सांगायचं असतं तर एक हजार सकाळी होत्या.

फाइल सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तरसालीला गेले. सुतक, बाहेर जाऊ नये, सगळं झुगारून. जयाबेनच्या दारात उभी राहिले. त्यांनी ओळखलं, पण ‘या’ म्हटलं नाही. मी दारातूनच सांगितलं, चुकले, तुम्ही नव्हता, माझ्या आत्यानेच पत्ता दिला होता, मला काल कळलं. वाटलं होतं, ही बाई आता मला फाडून खाणार आणि ते मला हवंच होतं. त्या नुसत्या म्हणाल्या, “मने खबर छे. फोईए ज कीधुं हतुं.”

ठाऊक होतं त्यांना. तूच सांगितलं होतंस.

मग त्यांनी मला आत बसवलं आणि पाणी दिलं. त्या रविवारच्या प्रकारानंतर आठव्या दिवशी तू तिथे गेली होतीस म्हणे. आठव्या दिवशी, आत्या! तिथेही तुझा दंडक मोडला नाहीस. त्या बाईचे हात हातात घेऊन रडलीस, सगळं कबूल केलंस, आणि वर तिला गळ घातलीस की माझ्या भाचीला सांगू नका. तिला कळलं तर ती मला सोडून जाईल आणि माझ्याशिवाय तिला कुणी नाही, पोरीला घेऊन रस्त्यावर येईल. जयाबेन म्हणाल्या, “फोईए हाथ जोड्या. हुं शुं करुं?” आणि तीन वर्षं तिने माझा आळ अंगावर वागवला. चाळीत लोक तिला टोमणे मारायचे, पैसे खाऊन बाई विकली म्हणून. तिच्या मुलीच्या सासरीसुद्धा ही गोष्ट पोचली. ती गप्प राहिली, एका परक्या म्हातारीला शब्द दिला म्हणून. तू स्वतःची अब्रू वाचवलीस ती तिच्या अब्रूच्या जिवावर. घरातली माझी जागा वाचवलीस तीही.

आणि सगळ्यात वाईट काय, तर तुझा हिशोब चुकीचा नव्हता. मला तेव्हा कळलं असतं तर मी खरंच तुला सोडून गेले असते. प्लास्टरच्या हाताने, सईला घेऊन, कुठेही. पाढे नाहीत, पेढे नाहीत, ती तीन वर्षं नाहीत. हे मला समजतं. समजलं म्हणून माफ झालं असं नसतं. जाणं न जाणं माझं मी ठरवायचं होतं. ज्या घरातून मी पळून आले तिथेही माझ्या भल्याचं दुसरंच कुणी ठरवायचं, आणि मला ते नंतर कळायचं.

तू गेलीस त्या रात्रीपासून मी रडते आहे, पण कुणासाठी रडते तेच मधूनमधून विसरते. तुझी नऊवारीची घडी हुंगते आणि मग ती फेकावीशी वाटते. काल बाजारात मेतकूट दिसलं, घेतलं नाही. परत वळून गेले आणि घेतलं.

आता कामाचं सांगते. हे घर भाड्याचं, करार तुझ्या नावावर, आणि मालकाला महिनाअखेर जागा हवी आहे. नवराही दारापर्यंत येऊन गेला आहे, खुर्चीवर बसून गेला आहे, त्यामुळे तसंही इथे राहणं शक्य नव्हतं. तरसालीची किल्ली परत केली तरी यादीतलं नाव काढू नकोस म्हणून तू माझ्या मागे लागायचीस आणि दर सहा महिन्यांनी मला अर्ज करायला लावायचीस. मी चिडायची, आता कशाला, मी तुझ्याकडे आहे की. तू म्हणायचीस, “मी काय अमरपट्टा घेऊन आलेय?” त्या अर्जांमुळे गेल्या मंगळवारी मला खोली मिळाली. तुझ्या खिडकीत आता एक तरुण मुलगी बसते. मी रांगेत उभी राहिले, पुढे नऊ जणी होत्या. जवळच्या नातलगाच्या रकान्याशी ती थांबली. “आ खानामां कोनुं नाम लखुं?” मागच्या फॉर्मवर तिथे तुझं नाव होतं. मी जयाबेनचं सांगितलं. आदल्या दिवशी त्यांना विचारून ठेवलं होतं. त्यांनी आधी हातातली भाजी निवडून संपवली, मग लिही म्हणाल्या, “लख.” त्या मुलीने नातं विचारलं, तमारां शुं थाय? मी म्हटलं, बेन थाय, बहीण. तिने लिहून घेतलं.

खोली चांगली आहे, आत्या. तुला आवडली असती. ओटा माझ्या उंचीचा आहे, वाकावं लागत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट पिंपापर्यंत येतं. नळाला पाणी पहाटे आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. सईने आपली भिंत निवडली आहे आणि तिथे दुसरं काही लावायचं नाही असं मला बजावलं आहे. तुझं शिसवी टेबल मी तिकडे नेते आहे, सईला अभ्यासाला होईल. निळी फाइलही नेणार आहे. फाडून टाकावीशी वाटली होती, पण फाडली नाही. शाळा तिथून लांब पडते, एक बस बदलावी लागते, पण निभेल. आम्ही रविवारी जातो. सुधीरदादाने दोनदा विचारलं कुठे, मी विषय बदलला.

सगळं तुझ्यामुळे मिळालं, हे मी कुणापुढेही म्हणेन. पण पत्ता तुला सांगणार नाही.